एक सिगारेट ओढली म्हणजे सगळे संपले का? पाय घसरल्यानंतरचे २४ तास का महत्त्वाचे?

दरवर्षी ३१ मे रोजी, जागतिक तंबाखूविरोधी दिनी, सरकारी कार्यालयांत आणि कॉलेजांत हात पुढे करून शपथ घेतली जाते. फोटो निघतो, ग्रुपवर जातो. कुणी १ जानेवारीला सोडतो, कुणी आषाढीला, कुणी घरात पाळणा हलणार हे कळल्यावर. पहिला आठवडा जातो, दुसरा जातो. मग एखाद्या संध्याकाळी टपरीवर जुना मित्र भेटतो, चहा होतो आणि एक सिगारेट ओढली जाते.

इथपर्यंतची गोष्ट सोडणाऱ्या बहुतेकांची सारखीच असते. फरक पडतो तो त्यानंतर मनात येणाऱ्या वाक्याने. ‘आता मोडलीच आहे, तर राहू दे’ हे ते वाक्य. एका सिगारेटने जेवढे नुकसान होते, त्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान या वाक्याने होते. कारण त्यानंतर दुसरी येते, रात्री तिसरी येते आणि आठवडाभरात पाकीट पुन्हा खिशात असते.

घसरणे वेगळे आणि परत लागणे वेगळे. या दोहोंमध्ये जो वेळ असतो, त्यात काय करायचे, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. ते समजून घेऊ.

पाय घसरणे आणि परत लागणे यात फरक काय?

सोडल्यानंतर एखाद्या वेळी एक-दोन सिगारेट किंवा बिड्या ओढल्या गेल्या, तर तो पाय घसरणे. जुन्या प्रमाणात, जुन्या वेळांना रोजचे ओढणे सुरू झाले, तर ते परत लागणे. पहिली एक घटना आहे, दुसरी सवय आहे. घटनेचे सवयीत रूपांतर व्हायला काही तास ते काही दिवस लागतात. तेवढा वेळ हातात असतो.

कपाशीची शेती पाहिलेल्या वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. सरकी डोबल्यावर काही जागी उगवण होत नाही, नांग्या पडतात. म्हणून कुणी अख्ख्या वावरात वखर घालत नाही. आठ-दहा दिवसांत त्या जागी पुन्हा बी टोबून नांग्या भरल्या जातात. उशीर केला, तर नंतर लावलेली पऱ्हाटी बाकीच्या पिकाच्या बरोबरीला येत नाही. दुबार पेरणीची वेळ पूर्ण पेरणी वाया गेल्यावर येते, चार नांग्यांसाठी नाही. सिगारेट सोडतानाही नांगी दिसली की लगेच भरायची असते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लेट यांनी १९८० च्या दशकात व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांचा याच अंगाने अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे, की घसरल्यावर माणूस स्वतःला काय सांगतो यावर पुढचे बरेच अवलंबून असते. ‘मी दुबळा आहे, माझ्यात दमच नाही’ असे सांगणारा अपराधीपणात बुडतो आणि तो अपराधीपणा घालवायला पुन्हा सिगारेटकडेच जातो. ‘दोन तास टपरीवर बसलो, तिथे चुकले’ असे सांगणारा दुसऱ्या दिवशी टपरी टाळतो. दोघांनी ओढलेली सिगारेट एकच असते.

एका सिगारेटने मेंदूत काय होते?

धुरातले निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते. तिथे त्याला धरून ठेवणारे रिसेप्टर असतात. वर्षानुवर्षे ओढणाऱ्याच्या मेंदूत त्यांची संख्या वाढलेली असते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये मेंदूचे स्कॅन करून पाहिले. अवघ्या एक-दोन झुरक्यांनी यातले सुमारे ५० टक्के रिसेप्टर व्यापले गेले आणि ते तीन तासांहून अधिक काळ तसेच राहिले. पूर्ण सिगारेटने हे प्रमाण ८८ टक्क्यांच्या वर गेले. ‘एकच झुरका घेतला, त्याने काय होते’ हे म्हणणे म्हणून खरे नाही. मेंदूला जुनी ओळख लगेच पटते.

आता दुसरी बाजू. रक्तातले निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मे होते. रात्री ९ वाजता ओढलेल्या सिगारेटचे निकोटिन सकाळी ९ पर्यंत सहा वेळा निम्मे झालेले असते, म्हणजे सुमारे १/६४ उरते. धुरातून रक्तात आलेला कार्बन मोनॉक्साइडही दिवसभरात बराच निघून जातो. दुसऱ्या सकाळी सिगारेट हवीशी वाटते, त्यामागे त्या एका सिगारेटच्या निकोटिनपेक्षा जागी झालेली जुनी सवय आणि ‘आता मोडलीच आहे’ हा विचार जास्त असतो.

सोडल्यानंतरचा सर्वात कठीण काळ पहिल्या दोन-तीन दिवसांचा. चिडचिड, झोप न लागणे, लक्ष न लागणे, सारखी भूक, बद्धकोष्ठ हे त्रास बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. वाढलेल्या रिसेप्टरची संख्या न ओढणाऱ्याच्या पातळीवर यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर तलफ येणार, हे गृहीत धरावे. एक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटे टिकते, मग ओसरते. तेवढी मिनिटे काढणे हेच या काळातले मुख्य काम.

मग अधूनमधून एखादी चालते का?

नाही. घसरणे माफ आहे, पण ‘एखादी चालते’ असा नियम करून घेणे माफ नाही. या लेखाचा सोयीचा अर्थ काढला जाऊ नये म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे.

घसरलेल्यांपैकी बहुतेकांना सिगारेट परत लागते, हे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. कोणत्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे १०० मध्ये ३ ते ५ च असतात आणि बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच परत ओढू लागतात. म्हणजे घसरण ही धोक्याची घंटा आहेच. फक्त ती वाजली की पळून न जाता दुरुस्ती करायची असते.

‘सोडली नाही, पण दिवसाला एकावर आणली’ हे समाधानही फसवे आहे. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, दिवसाला २० सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. सिगारेट विसाव्या हिश्श्यावर आली तरी धोका विसाव्या हिश्श्यावर येत नाही. बिडीचेही तसेच. ती पानाची, म्हणून सौम्य, हा गैरसमज आहे. बिडी विझू नये म्हणून जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते.

शपथ मोडते, सराव मोडत नाही

व्यसनमुक्तीचा विचार वऱ्हाडाला नवा नाही. याच मातीतल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनातून व्यसनांवर कोरडे ओढले. मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने तेच गावोगावी सांगितले. ‘माळ घातली आणि सुटली’ असे सांगणारा एक तरी माणूस आजही बहुतेक गावांत भेटतो. देवासमोर, गावासमोर दिलेल्या शब्दात मोठी ताकद असते. तिने अनेकांची घरे वाचवली आहेत.

पण शपथेची एक अडचण आहे. तिला दोनच अवस्था असतात, पाळलेली किंवा मोडलेली. मधले काही नसते. त्यामुळे ज्याचा पाय एकदा घसरतो, त्याला वाटते की आपला शब्दच गेला. मग तो लपवतो. घरी सांगत नाही, मित्रांना सांगत नाही, डॉक्टरकडे जात नाही. ज्या वेळी मदतीची सर्वाधिक गरज असते, नेमका त्याच वेळी तो एकटा पडतो.

मोबाइलवरची सिगारेट सोडण्याची अनेक ॲप हीच चूक नव्या रूपात करतात. ‘४० दिवस’ असा आकडा स्क्रीनवर असतो. एक ओढल्याची नोंद केली की तो शून्यावर येतो. चाळीस दिवसांची कमाई एका क्षणात गेल्यासारखी वाटते. गणित मात्र वेगळे सांगते. दिवसाला १० ओढणारा माणूस ४० दिवसांत ४०० ओढणार होता. मध्ये दोन ओढल्या, तर ३९८ ओढल्या नाहीत. हा ३९८ चा आकडा कोणतेही ॲप शून्यावर नेऊ शकत नाही. वहीत किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये ‘सलग किती दिवस’ऐवजी ‘या महिन्यात न ओढलेले दिवस किती’ असे लिहून पाहा. तीसपैकी २९ हा आकडा शून्यापेक्षा जास्त खरा आहे.

सोडणे ही क्रिया एका दिवसात होत नाही, हे आकडेही सांगतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील ओढणाऱ्यांच्या पाहणीवर आधारित २०१६ च्या अभ्यासाचा अंदाज असा, की कायमचे सुटण्याआधी एखाद्याचे ३० किंवा त्याहून अधिक प्रयत्न होऊ शकतात. यात एक-दोन दिवस टिकलेले प्रयत्नही मोजले आहेत. तिसऱ्या प्रयत्नात हार मानणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

वऱ्हाडात पाय नेमका कुठे घसरतो?

घसरण कुठेही होऊ शकते, पण ती सहसा ठरावीक जागी होते. अमरावती-अकोल्यातल्या माणसाची यादी पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा थोडी वेगळी असेल.

पहिली जागा चहाची टपरी. चहा आणि सिगारेटची जोडी मेंदूत इतकी घट्ट बसलेली असते, की कटिंग हातात आला की दुसरा हात आपोआप खिसा चाचपतो. दुसरी जागा दारूची बैठक. दारूने निर्धार सैल होतो आणि आजूबाजूचे सगळे ओढत असतात. पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे कर, धुळवड, लग्नातली हळद, दिवाळीत पुण्याहून आलेले मित्र, हे दिवस कॅलेंडरवर आधीच दिसत असतात. तिसरी जागा रिकामा वेळ. बसस्टँडवरची वाट, बाजार समितीत मालाचा लिलाव होईपर्यंतचे तास, एमआयडीसीतली रात्रपाळी. चौथी जागा ताण. घरातले भांडण, बँकेचा फोन, पावसाने दिलेली ओढ.

आणि पाचवी जागा विदर्भाची खास, ती म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. प्रौढांच्या तंबाखू वापराच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, पण धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे सिगारेट सोडणारा माणूस ज्या घोळक्यात उभा असतो, तिथे न ओढणाऱ्याच्या हातातही तंबाखूच असतो. ‘सिगारेट सोडली, आता फक्त खर्रा’ असे अनेक जण अभिमानाने सांगतात. हे सुटणे नाही. निकोटिन तेच, फक्त वाट बदलली. फुप्फुसाऐवजी तोंडाच्या कर्करोगाशी गाठ पडते. शिवाय निकोटिनची सवय जागी राहिल्याने सिगारेटकडे परतणे सोपे होते. सिगारेटची तलफ खर्ऱ्यावर भागवली, तर तीही घसरणच समजावी.

सुटी सिगारेट हा खरा सापळा

घसरणारा माणूस सहसा पाकीट विकत घेत नाही. पाकीट घेणे म्हणजे ठरवून परत सुरू करणे, हे त्याला माहीत असते. तो एक सुटी घेतो. टपरीवर दोरीला बांधलेला लायटर असतोच. मनात आल्यापासून ओढायला सुरुवात होईपर्यंत मिनिटही लागत नाही. तलफ तीन ते पाच मिनिटांत ओसरणार होती, पण सुटी सिगारेट तेवढा वेळच देत नाही.

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. कारण सरळ होते. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचा इशारा असतो. सुट्या सिगारेटवर तो नसतो, तिथे मदतीचा क्रमांकही नसतो. पण आज अमरावती किंवा अकोल्यात सुटी मागितल्यावर ‘नाही’ म्हणणारी टपरी शोधावी लागेल. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तीही किती पाळली जाते ते सगळे पाहतात. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी ओढल्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे आणि शाळा-कॉलेजांपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला मनाई आहे. कायदे कमी नाहीत, अंमलबजावणी कमी आहे.

सोडणाऱ्याची इच्छाशक्ती कमी पडली असे आपण पटकन म्हणतो. पण दर पन्नास पावलांवर एक सुटी सिगारेट उपलब्ध ठेवायची आणि मग इच्छाशक्तीची परीक्षा घ्यायची, हे न्याय्य नाही. टपरीवाल्याचे पोटही त्यावर आहे, हे खरे. म्हणून कारवाईचा रोख फक्त गाड्यावरच्या माणसावर न ठेवता त्याला माल पुरवणाऱ्यांवरही हवा.

घसरल्यानंतरच्या २४ तासांत काय करायचे?

१. उरलेले टाकून द्या. अर्धी असेल तर विझवा. पाकीट असेल तर मोडून पाण्यात टाका. ‘पैसे गेले’ हा विचार मनात येईल. पाकिटाचे पैसे तसेही गेलेले आहेत, ते ओढल्याने परत येत नाहीत.

२. जागा सोडा. टपरी, गच्ची, बैठक, जिथे ओढली तिथून लगेच निघा. तोंड धुवा, दात घासा, पाणी प्या. दीर्घ श्वास घेत दहा मिनिटे चाला.

३. नवी तारीख ठरवू नका. ‘सोमवारपासून’, ‘एक तारखेपासून’, ‘सण झाल्यावर’ असे म्हटले की मधले दिवस ओढण्याची परवानगी मिळते. तुम्ही सोडलेलीच आहे. पुढची सिगारेट ओढायची नाही, एवढेच ठरवा.

४. चार ओळी लिहा. किती वाजले होते, कुठे होतो, सोबत कोण होते, मनात काय चालले होते. दोन-तीन वेळा असे लिहिले की तुमची घसरण्याची जागा स्वतःच समोर येते.

५. एका माणसाला सांगा. बायको, भाऊ, मित्र, डॉक्टर किंवा हेल्पलाइनवरचा समुपदेशक, कुणीही. लपवलेली पहिली सिगारेट दुसरीला बोलावते.

६. उद्याच्या त्याच वेळेची सोय करा. संध्याकाळी ६ वाजता टपरीवर घसरला असाल, तर उद्या ६ वाजता तिथे जाऊ नका. चहा घरी किंवा ऑफिसात घ्या. महिनाभर चहाऐवजी ताक किंवा लिंबू-पाणी घेतले, तर जोडी तुटायला मदत होते. बडीशेप, लवंग, भाजलेली जवस किंवा फुटाणे खिशात ठेवा. सुपारी नको, तिचाही तोंडाच्या कर्करोगाशी संबंध आहे.

७. नकाराचे वाक्य आधीच तयार ठेवा. ‘एक घे नं बावा, एकानं काय होते’ हे ऐकू येणारच. तिथे वाद घालत बसू नका. ‘नाही ओढत आता’ एवढे पुरे. ‘सध्या बंद आहे’ असे म्हणू नका, त्यात पुन्हा सुरू होण्याची वाट उघडी राहते.

औषधे सुरू असतील तर?

अनेक जण इथे चूक करतात. निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगम सुरू असताना एखादी सिगारेट ओढली गेली की औषध बंद करून टाकतात. सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला याच्या उलट आहे. घसरल्यावर उपचार सुरू ठेवावा, डॉक्टरांना सांगावे आणि डोस पुरेसा आहे का ते विचारावे. पॅच सुरू ठेवणारे घसरणीतून सावरण्याची शक्यता जास्त असते.

निकोटिन च्युइंगम साध्या च्युइंगमसारखे चघळत राहायचे नसते. तोंडात झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवेपर्यंत हळू चावायचे, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचे. चव गेली की पुन्हा थोडे चावायचे. खर्रा चघळण्याची सवय असलेले लोक ते भराभर चावून लाळ गिळतात. त्याने उचकी आणि मळमळ होते आणि ‘हे काही कामाचे नाही’ असे वाटते. च्युइंगमच्या आधी १५ मिनिटे आणि ते तोंडात असताना कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक टाळावे, कारण त्याने निकोटिन नीट शोषले जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांबाबत पहिली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केली. तिच्यात निकोटिन पर्यायी उपचारांबरोबर व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन या औषधांची शिफारस आहे. भारताच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही निकोटिन पर्यायी उपचारांचा समावेश झाला. म्हणजे सिगारेट सोडण्यासाठी औषध घेणे हा कमकुवतपणा नाही, तो उपचार आहे. मात्र गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. गरोदर महिला, हृदयरोग, फिट्स किंवा मानसिक आजार असलेल्यांनी आणि १८ वर्षांखालील मुलांनी स्वतःहून काहीच सुरू करू नये.

मदत कुठे मिळेल?

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे. फोन मोफत आहे. वेळ सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ही सेवा सुरू झाली. पुढे मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालयही तिच्याशी जोडले गेले, त्यामुळे मराठीत बोलता येते. घसरल्यानंतर पुन्हा फोन केला तर कुणी रागावत नाही, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. फोनवर बोलायचा संकोच असेल, तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल देऊन सोडण्यासाठीचे संदेश मोबाइलवर मागवता येतात. मन फारच खचले असेल, झोप उडाली असेल, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे.

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर समुपदेशन केंद्राची तरतूद आहे. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे इर्विनला, आणि अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात चौकशी करता येईल. केसपेपर काढताना ‘तंबाखू सोडायची आहे’ एवढे सांगावे.

घरच्यांनी काय करावे आणि यंत्रणेने काय?

घरी कळल्यावर पहिली प्रतिक्रिया रागाची असते आणि ती समजण्यासारखी आहे. धुराचा त्रास घरच्यांनीही सोसलेला असतो, औषधांचा खर्चही. तरीही ‘मले माहीतच होतं, तुह्याच्यानं काई होत नाही’ हे वाक्य त्या रात्री टाळावे. माणूस स्वतःला तेच सांगत असतो, घरच्यांनी त्यावर शिक्का मारू नये. त्याऐवजी ‘काहून झालं? कुठं होता?’ एवढे विचारावे. ओढल्याचे सांगितल्याबद्दल शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

यंत्रणेकडूनही अपेक्षा आहेत. देशातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ३८.५ टक्के लोकांनी आदल्या वर्षभरात सोडण्याचा प्रयत्न केला होता आणि ५५.४ टक्के लोक सोडण्याच्या विचारात होते, असे २०१६-१७ चे तेच सर्वेक्षण सांगते. म्हणजे लोकांना सोडायची आहे. कमी पडते ती सोडल्यानंतरची सोबत. ३१ मेच्या कार्यक्रमात किती जणांनी शपथ घेतली, याचा आकडा दरवर्षी प्रसिद्ध होतो. त्यांच्यापैकी ३० जूनला किती टिकले आणि घसरलेल्या किती जणांना परत फोन गेला, हा आकडा कधी येत नाही. जिल्हा परिषद, महापालिका, महाविद्यालये यांनी शपथेनंतर महिनाभराने त्याच लोकांना पुन्हा एकत्र बोलवावे. त्या बैठकीत पहिला प्रश्न ‘कोण टिकले’ हा नसावा, ‘कुणाचा पाय घसरला आणि कुठे’ हा असावा. रुग्णालयांच्या समुपदेशन केंद्रांनी पहिल्या भेटीनंतर आठ दिवसांच्या आत एक फोन करावा, कारण बहुतेक जण तेवढ्यातच परत वळतात. आणि सुट्या सिगारेटवरची बंदी कागदावरून टपरीवर यावी. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी काल किंवा आज ओढली असेल, तर त्याच्यासाठी इतकेच. मागचे न ओढलेले दिवस तुमच्या खात्यात जमा आहेत. पुढची ओढू नका आणि आज एका माणसाला सांगा. कुणी सुचत नसेल, तर क्विटलाइनचा क्रमांक वर दिला आहे.